लाल काठाचा पंचा

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. त्यामुळे आमच्या भेटीत भिजणं नाही, एका छत्रीतून चालणं नाही, काही नाही. आमच्या अंगावर पडलं ते पीठ.

भिंगारला आमच्या गल्लीच्या तोंडाशी छगनशेठची गिरणी होती. बहात्तर सालचा श्रावण, पण नावापुरताच, ऊन वैशाखाचं. नगरच्या कॉलेजातून परत येऊन मी घरी न जाता गिरणीतल्या बाकावर बसले होते. मांडीवर डबा आणि नजर समोर, आमच्या घराच्या खिडकीवर. पट्टा फटफटत होता. हवेत पीठ तरंगत होतं.

शेजारी कुणीतरी येऊन बसलं. मी पदर सावरून सरकले.

"तुमचा नंबर आहे."

"नाही... तुम्ही घ्या आधी."

"मघाशी त्या आजीबाईंना असंच म्हणालात. त्याआधी मिशीवाल्या पाहुण्यांनाही."

मी वळून पाहिलं. भुवयांवर, पापण्यांवर पीठ बसलेलं. ऐन पंचविशीत म्हातारा झाल्यासारखा एक माणूस माझ्याकडे पाहत होता. त्याच्या डब्यात रेशनचा लाल मायलो, ती परदेशातून आलेली ज्वारी, होता.

"मला घाई नाही," मी म्हटलं.

"ते दिसतंयच." त्याने बोटाने माझ्या डब्यावर टिचकी मारली. टण्ण! रिकामा. "हवा दळून घ्यायची असेल तर छगनशेठ पैसे घ्यायचे नाहीत बहुतेक."

मला राग यायला हवा होता. आलं ते हसू — मोठ्याने, अगदी नको इतकं. आणि हसता हसताच मी तोंडावर हात धरून खिडकीकडे पाहिलं.

त्यानेही पाहिलं. "तिकडे काय आहे?"

"कुठे काय... काही नाही."

तिकडे पंचा होता. पांढरा, लाल काठाचा, खिडकीच्या गजांवर आडवा टाकलेला.

त्या पंच्याचं सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, लष्कराच्या भांडारात कामाला होते. दादांना राग यायचा. दारू नव्हती, दारू असती तर कारण तरी असतं. कधी चहा गार म्हणून, कधी गरम म्हणून, कधी आम्ही बोललो म्हणून, कधी गप्प राहिलो म्हणून. तसा दिवस उगवला की आई तो पंचा खिडकीत टाकायची. मी शाळेतून येताना लांबूनच बघायचं, आणि पंचा असला की घरात यायचं नाही. गिरणीत बसायचं. बाकाखाली आमचा एक रिकामा डबा कायम असायचा; हातात डबा असला की कुणी विचारत नाही. हे आईने मला कधी तोंडाने सांगितलंही नव्हतं. मी शिकले, जशी मुलं चालायला शिकतात तशी.

लहानपणी मी एक युक्तीही काढली होती. वेशीपासून घरापर्यंत शाळेतला श्लोक न अडखळता म्हटला, तर पंचा नसतो. एकदा अजिबात न चुकता म्हटला, तरी पंचा होता. मग मी ठरवलं — नक्की कुठेतरी चुकले असणार, मलाच कळलं नाही.

तर, तो माणूस. त्याचं नाव गोरक्ष. काष्टीचा. दुष्काळी कामांवर पाझर तलावांचा ओव्हरसियर, आणि गिरणीच्या वरच्याच खोलीत नवा भाडेकरू. दर रविवारी त्याचं दळण असायचं, आणि दर रविवारी मीही तिथे असायला लागले — पंचा असो की नसो.

"आज काय आणलंय? हवा, की वारा?"

"बाजरी आहे. बघा हवं तर."

त्याने खरंच झाकण उघडून बघितलं. "अरे वा! म्हणजे आज तुम्ही खरंच दळणासाठी आलात."

मी झाकण लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं दळण घेऊन आले होते, आणि नेमकी त्याच दिवशी दळणासाठी आले नव्हते.

"माझ्या भाकरीला भेगा पडतात," तो म्हणाला. "तलाव बांधतो मी, पण भाकरी धरत नाही."

"मायलोला चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्यात पीठ भिजवा."

"हात भाजतो."

"मग भाजू द्या. फुकट भाकरी कोण देतं?"

"कुणी देईल असं वाटलं होतं..." तो पट्ट्याकडे बघत म्हणाला. आणि माझे कान, पिठाखाली, लालबुंद झाले.

पण तो मुळात बोलका माणूस नव्हता. मधेच गप्प व्हायचा. डबा मांडीवर घेऊन समोर बघत बसायचा, आणि मी आठवायला लागायचे. आपण मघाशी काय बोललो? भाकरीचं बोललो ते लागलं का?

"माझं काही चुकलं का?" मी विचारायचे.

"कशात?"

"कशातही."

तो गोंधळून बघायचा. "नाही हो," म्हणायचा. मला ते खरं वाटायचं नाही. दादाही आधी "काही नाही" असंच म्हणायचे.

दिवाळीनंतर, ऑक्टोबर हीट संपायचं नाव घेत नव्हती तेव्हा, तो एकदा छगनशेठ दाणे चाळायला आत गेलेले पाहून भराभर बोलला. इतकं भराभर मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"शकुंतला, माझी राजूरला बदली होतेय. डोंगरात. काष्टीहून आईला तुमच्या घरी पाठवायचं म्हणतो... मागणी घालायला. पण तुला विचारल्याशिवाय नाही. आत्ता सांगू नकोस! रविवारी दुपारी तू इथे आलीस तर मी हो समजेन. खाली येईन. नाही आलीस तर..." तो हसला, पण ओठच फक्त. "तर राजूरलाही गिरणी असेलच."

त्याने मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. तो 'तू' मी आठवडाभर कुणाला न दाखवता जवळ ठेवला.

रविवारी जेवणं झाल्यावर दादा झोपले. मी बाजरीचा डबा घेतला. आईने माझ्या वेणीकडे पाहिलं, नव्या अबोलीकडे पाहिलं, आणि फक्त एवढंच म्हणाली, "ऊन लई हाय. डोक्यावर पदर घे."

मी गल्लीतून निघाले. पाय हलके होते. अर्ध्या वाटेवर मी मान वर करून गिरणीवरच्या खोलीकडे पाहिलं. तिची खिडकी आमच्याच गल्लीकडे, मावळतीला.

खिडकीत पंचा होता. पांढरा. लाल काठाचा. गजांवर आडवा.

मी परत फिरले.

विचार केला नाही, ठरवलं नाही. पाय आपोआप फिरले, गरम तव्यावरून हात निघतो तसे. घरी येऊन मी बाजरी परत कणगीत ओतली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसले. एकच गोष्ट डोक्यात: तो रागावला. मी आठवडाभर उत्तर दिलं नाही म्हणून रागावला. बरं झालं, आधीच कळलं...

पुढच्या रविवारी तो गिरणीत आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग एक दिवस कॉलेजातून येताना लांबूनच आमच्या खिडकीत पंचा दिसला आणि मी बाकावर जाऊन बसले, नेहमीसारखी. छगनशेठ पिठाचा हात झटकत म्हणाले, "ओव्हरसियर साहेब खोली सोडत्यात, ताई. राजूरला निघाले. उद्या सकाळच्या गाडीनं."

गिरणी चालू होती, पण मला एकदम काही ऐकू येईना.

त्या बाकावर मी तेव्हा जे केलं, ते आधी का केलं नाही असं आता वाटतं. मी स्वतःला विचारलं: आज दादा रागावलेत. आज मी काय चुकले? सकाळी ते उठायच्या आत मी कॉलेजला गेले होते. मी त्यांच्या नजरेसही पडले नव्हते. माझं आज काहीच चुकलेलं नव्हतं, कारण आज मी तिथे नव्हतेच. आणि तरी पंचा होता.

मग काल? परवा? तो श्लोक न चुकता म्हटला होता त्या दिवशी?

मी चुकले नव्हते. अडखळलेही नव्हते. पंचा आणि माझा श्लोक यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. एवढी साधी गोष्ट — कॉलेजात तर्कशास्त्र शिकणाऱ्या मुलीला ती कळायला पिठाच्या गिरणीत बसावं लागलं.

आणि मग वरच्या खोलीच्या खिडकीत मी काय पाहिलं होतं? राग? नाही. मी एक कापड पाहिलं होतं.

"छगनशेठ," मी उठून म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्यांना जरा खाली बोलवा."

तो आला. बाह्या वर केलेल्या, हाताला सुतळीचे वळ. मला पाहून जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबला.

"दळण आहे?" त्याने हळू विचारलं.

"त्या रविवारी... तुम्ही माझ्यावर रागावला होता?"

"मी? मी खिडकीत उभा होतो. तू अर्ध्या वाटेवरून परत फिरलीस, ते बघितलं. म्हटलं, नाही तर नाही. रागवायचं काय त्यात? तुझं मन आहे."

"मग पंचा का टाकला होता?"

"कसला पंचा?"

"खिडकीत! लाल काठाचा!"

तो बावरला. "ओला करून टाकतो की. दुपारचं ऊन सरळ आत येतं, खोलीची भट्टी होते. तुझी वाट बघत त्याच्याआड उभं राहायचं होतं म्हणून..." त्याने बाही खाली ओढली. "का? पंच्यानं काय केलं?"

माझ्या मागे, गल्लीच्या टोकाला, आमच्या खिडकीत तो दुसरा पंचा होता. तिकडे पाठ करून मी त्याला सगळं सांगितलं. घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदा. चहा, श्लोक, रिकामा डबा. कुणी गप्प झालं की तो रागच असतो; राग असला की तो आपल्यामुळेच असतो; आणि आपण पुरेसं नीट वागलो की तो टळतो — हे सगळं. पट्टा फटफटत होता म्हणून बरं. छगनशेठना ऐकू गेलं नाही.

मी थांबले. तो काही बोलेना. खाली जमिनीकडे बघत राहिला.

"बोला ना काहीतरी," मी म्हटलं. "रागावलात? घरचं उघड्यावर मांडलं म्हणून..."

"विचार करत होतो." त्याने वर पाहिलं. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. "माझ्या एका फडक्याने केवढा घोटाळा केला, त्याचा." मग म्हणाला, "आणि शकू, आधीच सांगून ठेवतो. मी गप्प असलो ना, की बहुतेक वेळा मला भूक लागलेली असते. दुसरं काही नसतं."

मला रडता रडता हसू आलं.

"आणि खरंच राग आला तर?"

"तर तोंडाने सांगेन. खूण नाही करायची. पण तूही एक कर. खिडकीकडे बघून परत फिरायचं नाही. माझ्याकडे बघायचं, आणि विचारायचं."

"आणि तेव्हा भीती वाटली तर?"

"मग भीत भीत विचार."

मी त्याच्याकडे पाहिलं. पीठ पडत होतं, त्याच्यावर, माझ्यावर, सारखंच.

"आईंना बोलवा काष्टीहून," मी म्हटलं.

दादांनी होकार दिला. का दिला ते मला आजही ठाऊक नाही. त्या दिवशी त्यांना राग आलेला नव्हता, एवढंच. पण तेही माझ्यामुळे नव्हतं, हे आता मला कळत होतं.

माणूस एका दिवसात बरा होत नाही. राजूरच्या घरात पहिलं वर्षभर मी रोज विचारायचे, "रागावलात?" आणि तो रोज सांगायचा, "नाही." एकदा मात्र म्हणाला, "हो. रागावलोय. कामाच्या नकाशांची नळकांडी कोपऱ्यातून हलवू नको म्हटलं होतं ना?" मी भिंतीला टेकले. तो कपाळाला आठ्या घालून नळकांडी शोधत राहिला, सापडल्यावर म्हणाला, "चहा टाकतेस का?" बस्स. राग आला होता आणि गेला होता, आणि घर जागच्या जागी होतं. त्या रात्री मला झोप लागली, ती आयुष्यात कधी लागली नव्हती अशी.

मुक्ताच्या वेळी मी भिंगारला गेले नाही. त्या खिडकीखाली मला लेक जन्माला घालायची नव्हती. काष्टीला सासूबाईंकडे गेले. राहीबाई म्हणजे बोलायला फटकळ आणि हाताने मऊ. "पयलं बाळंतपण म्हायेरात करत्यात, पोरी. पर तुला हितं बरं वाटतंय तर हितंच. माझं काय जातंय? लई झालं तर डिंकाचे चार लाडू!"

पुढच्या पावसाळ्यात आम्ही राजूरला होतो. मुक्ता सहा महिन्यांची. ती कळवळून रडायला लागली की माझी पहिली नजर तिच्याकडे नाही, तिच्या बाबांच्या चेहऱ्याकडे जायची. अजूनही जाते. मग मी मुद्दाम ती वळवते. हिने माझ्याकडून काही न सांगता काय काय उचललं असेल, याची मला फार धास्ती वाटते. कारण मीही न सांगताच शिकले होते.

अशाच एका झिमझिमत्या दुपारी बाहेर पाहिलं तर रस्त्यापलीकडे, उंबराखाली, कुणीतरी बाई उभी. डोक्यावर घोंगडीची खोळ, काखेत गाठोडं. ओळखायला मला चेहरा लागला नाही. ती उभी कशी होती त्यावरूनच ओळखलं. डोळे आमच्या खिडकीवर, एक पाय मागे.

"आई!" मी पावसातच धावले.

तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. जावई हायेत घरात?"

"आहेत की. तू इथे का उभी? पत्र नाही, निरोप नाही..."

"आसू दे. मी जरा येळानं येते." तिने डोळ्यांनीच खिडकीकडे दाखवलं. "काय झालंय?"

मी वळून पाहिलं. आमच्या खिडकीत, या गजापासून त्या गजापर्यंत दोरीवर, कापडंच कापडं होती. राजूरच्या पावसात दुसरीकडे कुठे काही वाळतच नव्हतं.

"आई," मी म्हटलं. "लंगोट आहेत गं ते. तुझ्या नातीचे."

तिने दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "समदे?"

"सगळे. गंगा वाहते तिची."

"आन् जावई... आवाज येत न्हाई त्यांचा."

"पाळणा हलवतायत. ती झोपावी म्हणून गप्प आहेत."

तरी तिचा पाय उचलेना. तेवढ्यात दार उघडून गोरक्षच बाहेर आला, मुक्ता खांद्यावर, टक्क जागी. "मामी! पावसात काय उभ्या? या आधी आत. ही पोरगी मला काही दाद देत नाही, तुम्हीच बघा."

आईने अंगठ्याने डोळे पुसले, आणि रस्ता ओलांडला.

आत आल्यावर तिने गाठोडं सोडलं. आजीने नातीला आणायचं तेच: अळीवाचे लाडू, टोपडं, आणि लंगोटांसाठी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली कापडं. तिच्या विटक्या लुगड्याचे तुकडे. आणि सगळ्यांत खाली, घडी घातलेला, लाल काठाचा...

"आई, हा?"

"जुनं कापड मऊ आसतंय बाळाला." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "आता कुनासाठी लावायचा? तू न्हाईस. घरात येनारं कोन हाय आता, ज्याला रस्त्यातच थांबवायचं?"

इतकी वर्षं मला तो पंचा दादांचा वाटत होता. दादांच्या रागाचा. तो आईचा होता. त्या घरात आत उभी राहून ती मला बाहेर ठेवत होती. आणि तिला कोण खूण करत होतं? तिच्यासाठी कुठल्या खिडकीत काय होतं?

"तू राहा इथे," मी म्हटलं. "परत जाऊ नकोस."

"बघू," ती म्हणाली. 'नाही' म्हणाली नाही. मग तिने पंच्याचा काठ दातात धरला आणि टर्रकन फाडला.

दिवेलागणीला पंच्याचे तुकडे धुऊन, इतर लंगोटांच्या रांगेत, खिडकीत वाळत होते. गोरक्ष पाटावर बसून त्या लाल काठांकडे बघत होता. गप्प. माझ्या घशाशी जुना प्रश्न आला... मी खिडकी सोडून त्याच्याकडे पाहिलं.

"भूक लागलीय ना?"

"लई!" तो म्हणाला.

आणि आई हसली. तिला असं मोठ्याने हसताना मी कधी ऐकलंच नव्हतं. हसता हसता तिचा हात तोंडावर गेला, नजर खिडकीकडे गेली... तिथे नुसते लंगोट हलत होते.

मग तिने हात खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.